अण्णा, नावं ठिणगीनं नेली नव्हती

अण्णा,

आपल्या त्या खोलीला खिडकी नव्हती. उजेड यायचा तो दारातून. दम्यामुळे नानांना कारखान्यात उभं राहवेना आणि त्यांचा माग दुसऱ्याकडे गेला, तेव्हापासून उंबऱ्याच्या एका अंगाला अम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची, दुसऱ्या अंगाला तू कागद पसरून बसायचास आणि मधल्या वीतभर जागेत मी पाटी घेऊन. कोणी पाण्याला उठलं की बाकीच्या दोघांनी मांड्या आवळून वाट द्यायची. माझ्या पहिलीच्या पुस्तकाला तेंदूच्या ओल्या पानांचा वास होता. वर्गात पोरी नाक मुरडायच्या.

तुझ्या शाळेचे मास्तर घरी आले होते ते मला आठवत नाही. अम्मानं सांगितलंय. पोरगा गणितात चांगला आहे, सातवी तरी होऊ दे, असं ते म्हणाले. अम्मा हातातलं पान कापत राहिली. तूच म्हणालास, "सर, पटावरनं माझं नाव काढा. धाकटीचं घाला." मास्तर म्हणाले, तिची शाळा वेगळी रे, माझ्या पटावर तिला कशी घालू. "मग माझं तेवढं काढा," म्हणालास.

तुला जाऊन आज तेवीस दिवस झाले. लोक भेटायला येतात आणि तू किती साधा माणूस होतास ते मला सांगतात. तू साधा नव्हतास. तू हट्टी होतास, खवचट होतास, आणि आपण मिळून जे काही केलं ते भांडत भांडत केलं. भांडलो तेलुगूत. हे मी मराठीत लिहितेय, कारण मी शिकले मराठीत आणि नीट मांडून लिहायचं तर मला हीच भाषा येते. तोंडानं सांगायचं असतं तर आपल्या घरच्या भाषेत सांगितलं असतं. तुझ्या शेजारी एवढे महिने बसून सांगितलं नाही, म्हणून आता लिहावं लागतंय.

चादरीवरचा मोर मागावर आपोआप उमटत नाही, हे मला सोलापूरच्याच लोकांना सांगावं लागतं याचं तुला हसू यायचं. बारीक चौकटींच्या कागदावर, आपल्या भाषेत ग्राफवर, तू एकेक चौकट रंगवून मोर बसवायचास. मग ग्राफच्या एका ओळीला एक पुठ्ठा, रंग असेल तिथं भोक. असे शेकड्यांनी पुठ्ठे दोरीनं ओवायचे आणि त्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढवायची. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. मी कॉम्प्युटरच्या क्लासला पहिल्या दिवशी शून्य आणि एक शिकले तेव्हा घरी येऊन मोठ्या तोऱ्यात तुला सांगितलं. तू म्हणालास, "हेच ना? भोक आहे, भोक नाही. ह्याला कॉलेज लागतं?"

लागतं, म्हणाले मी. मला पदवीचा अभिमान होता. आजही आहे, लपवत नाही. आपल्या दोन्हीकडच्या घराण्यांत बी.कॉम. झालेली पहिली मी. त्यानंतर कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि त्याच क्लासमध्ये शिकवायला लागले. पोरं मला मॅडम म्हणायला लागली तेव्हा तूही मुद्दाम म्हणायला लागलास. "मॅडम, चहा घेणार?"

मग कारखान्यांत नवे माग आले. मालक म्हणायला लागले, पुठ्ठे नकोत, फाइल द्या. ज्याच्या ग्राफसाठी कारखानदार दारात थांबायचे तो माणूस चार महिने घरात बसून राहिला. त्या चार महिन्यांत तू वहिनीपुढची विळीसुद्धा ओढून घेतलीस, भाजी चिरून द्यायचास, तीही एका मापाची. तेव्हा मी घरात कॉम्प्युटर आणला. तुझा एकेक ग्राफ तुकड्यातुकड्यानं स्कॅन केला, तुकडे जोडले, चौकट न् चौकट साफ केली. कागदाच्या पाठीमागं तू पेन्सिलीनं डिझाइनचं नाव लिहिलेलं असायचं. ते तू वाचायचास आणि मी फाइलला द्यायचे. उलटा पोपट. शेजारणीचा पडदा. तीन हरणं. लाइट गेली. दोन वर्षं लागली. कारखान्यांतून पुन्हा माणसं यायला लागली आणि तुझा सदरा पुन्हा इस्त्रीचा दिसायला लागला.

इथवरचं सगळं लोकांना सांगण्यासारखं आहे. मी सांगायचेही. पुढचं सांगितलं ते अर्धंच.

छत गळत होतं आणि ग्राफच्या गठ्ठ्याला वाळवी लागली होती. मी म्हणाले, आता कागद कशाला ठेवायचे, सगळं आत आहे. तू म्हणालास, "आत म्हणजे कुठं? मला दाखव." मी स्क्रीनवर दाखवलं. "हे दिसतंय. आहे कुठं?" मी वैतागले. दिवाळीच्या आंघोळीला तूच ते कागद बंबात घातलेस. एकेक उचलायचास, पाठीमागचं नाव वाचायचास आणि आत सारायचास. चारशे दोन मोजलेस. मी पाण्यात विसण घालायला उभी होते आणि तुला म्हणत होते, अण्णा, लवकर घाल, पाणी निवतंय.

कागद गेले म्हणून मी दुसरी प्रत केली, बाहेरून जोडायच्या छोट्या हार्ड डिस्कवर. ती घरात ठेवली नाही. क्लासमधल्या माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. यावरून आपलं किती दिवस चाललं आठवतंय? आपल्या घरची लक्ष्मी दुसऱ्याच्या खणात कशाला, हे तुझं म्हणणं. मी म्हणायचे, घराला आग लागली, चोर आला, तर? दोन प्रती एका छताखाली असल्या तर ती एकच प्रत समजायची. वर्गात पोरांना मी हेच वाक्य फळ्यावर लिहायला लावायचे. तू म्हणायचास, "पुठ्ठ्याला एकदा भोक पडलं की पडलं. कुणाच्या बापाला पुसता येत नाही."

"वाळवीला येतं की."

"वाळवीला कॉलेज नव्हतं, म्हणून वेळ लागला."

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तू म्हणालास, तुझं ते खणातलंही आण. घरातलं प्रत्येक हत्यार पूजेला लागतं, कात्री, पट्टी, पंच मारायचं जुनं यंत्र, अम्माची विडीची कात्रीसुद्धा. मग जे आपल्याला पोसतं तेच एक बाहेर का? मी नाही म्हणू शकले असते. वर्षभर ज्या गोष्टीवर भांडले ती मी पर्समध्ये घालून स्वतः घरी आणली, कारण मलाही वाटलं की त्यालाही हळदकुंकू लागावं. आणली आहे तर नवी चार डिझाइन उतरवून घेऊ म्हणून कॉम्प्युटरला जोडली. उतरवली. कॉम्प्युटर बंद केला. वायर तशीच राहिली.

चौरंगावर कॉम्प्युटरचा डबा, त्यावर ती डिस्क, भोवती बाकीची हत्यारं. तू नारळ फोडलास आणि त्याचं पाणी दरवर्षीसारखं सगळ्यांवर शिंपडलंस. डब्याला वरच्या बाजूनं जाळी आहे हे मला दिसलं. मी म्हणाले, अण्णा, थांब, वायर काढते. तू म्हणालास, "आता हात लावायचा नाही. पूजा लागलीय. उद्या काढ."

उद्या मी वायर काढली नाही. दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरवली, डबा टेबलावर ठेवला, वायरीसकट, आणि बटण दाबलं. फट् झालं. जळका वास आला, गोड वास, नारळाचा. घरातली डिस्क आणि खणातली डिस्क एका ठिणगीत दोन्ही बंद.

शेजारची माणसं सोनं द्यायला दारात उभी होती. त्यांच्या देखत मी तुला म्हणाले, "सातवी नापासाच्या हाती मशीन दिलं की हेच होणार."

तू आपट्याची पानं हातात धरून उभा होतास. म्हणालास, "नापास नाही." एवढंच. मग पाहुण्यांना पानं दिलीस, वहिनीला चहा ठेवायला सांगितलंस.

तू नापास झाला नव्हतास, अण्णा. तू सातवीची परीक्षाच दिली नव्हतीस, आणि का दिली नव्हतीस ते त्या दारात उभ्या असलेल्या सगळ्यांत मला जास्त माहीत होतं.

यानंतर आपण दोन महिने कामापुरतं बोललो. जेवायला वाढलंय. गॅस संपलाय. मी डिस्क दुरुस्तीला दिली. दुरुस्तीवाल्यानं जळालेली सर्किटची पट्टी बदलून घरातली डिस्क पुन्हा फिरती करून दिली. मी ती घरी आणली, क्लासमधून मागून आणलेल्या कॉम्प्युटरला जोडली, आणि तू माझ्या पाठीमागं येऊन उभा राहिलास. दोन महिन्यांत पहिल्यांदा. "दिसतंय का?"

स्क्रीनवर चौकट आली. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? अण्णा, पहिल्या महिन्यातली पोरंसुद्धा मला विचारतात, मॅडम, असं आलं तर काय दाबायचं? मी त्यांना सांगते, काही दाबायचं नाही, हात मागं घ्यायचा. पण तू मागं उभा होतास आणि मला तुला दाखवायचं होतं की मला येतं. मी 'होय' दाबलं.

डिस्क उघडली. स्वच्छ, रिकामी.

तू विचारलंस, "काय झालं?" मी म्हणाले, "ठिणगीत गेलंय सगळं. पुण्याला न्यावं लागेल."

पुण्याच्या माणसानं आठ दिवस ठेवून घेतलं. बाहेरच्या डिस्कबद्दल त्यानं हात वर केले. आतल्या माहितीची किल्ली तिच्या पट्टीवरच होती आणि पट्टी कोळसा झाली होती. घरातल्या डिस्कबद्दल म्हणाला, "मॅडम, माल बराचसा आहे. फाइलींचे तुकडे ओळखून काढता येतील. पण नावं नाही येणार, फोल्डर नाही येणार. ती यादी फॉरमॅटमध्ये गेली. फॉरमॅट कुणी मारला हो?" मी म्हणाले, किती दिवसांत द्याल?

परत आलं ते सगळं नुसत्या आकड्यांनी भरलेलं होतं. हजारो फाइली. अर्धवट, दुहेरी, क्लासच्या प्रश्नपत्रिका, लाइट बिलं, आणि तू माझ्या लग्नासाठी टाइप करायला लावलेला बायोडाटा. त्या गर्दीत तुझी डिझाइन. कुठलं 'तीन हरणं' आणि कुठलं नुसतं 'हरणं', मला कळेना. कारखान्यातून फोन यायचा, तो शेजारणीचा पडदा पाठवा, आणि माझ्यासमोर पडद्यासारखी दिसणारी चाळीस डिझाइन. पदवीधर बाई आणि चाळीस पडदे. जगात एका माणसाला ती नावं ठाऊक होती आणि त्याचं त्याच हिवाळ्यात डायलिसिस सुरू झालं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. चार-चार तास. पहिल्या आठवड्यात तू भिंतीकडे तोंड करून पडून राहायचास. दुसऱ्या गुरुवारी मी लॅपटॉप मागून आणला आणि तुझ्या पोटावर ठेवला. पहिली फाइल उघडली. तू बराच वेळ बघितलंस. मग म्हणालास, "हे असं का दाखवतेस? फिरव. उलटा पोपट आहे तो, आणि तू त्याला सुलटा केलायस."

मी हसले. तूही हसलास आणि मशीन वाजायला लागलं, नर्स आली.

त्या दिवशी सात नावं झाली. मग रोज दहा, बारा. कधी दमलास तर दोन. शेजारच्या पलंगावर मोहोळकडचे एक तात्या असायचे, त्यांची भारी करमणूक व्हायची.

"काय वं ताई, पिच्चर बगताय व्हय?"

"नाही तात्या, चादरी."

"चादरी? हिकडं दावा की." मान लांब करून त्यांनी पाहिलं. "आरं, ही तर आमच्या घरात हाय. थोरल्याच्या लग्नात आहेर आल्ता. कुणी काढली म्हनायची ही?"

तू सुई नसलेला हात वर केलास, वर्गात करतात तसा.

"तुमी? लई झालं. सतरा वर्सं ह्या मोरावर झोपतोय मी, आन मोरवाला हितं माज्या शेजारी पडलाय."

तू म्हणालास, "मोर नाही तो, तात्या. लांडोर आहे. पिसारा पाठीमागच्या झाडाचा आहे." तात्या विचारात पडले. पुढच्या खेपेला चादर घेऊन आले, पलंगावर अंथरली आणि मान्य केलं. नर्सबाईंनी चादरीवरून दोघांनाही झापलं.

मला खरं सांग, काही नावं तू तिथल्या तिथं ठेवलीस ना? एकदा विचारलंही होतं. आठवतंय की आत्ता बनवलंस? "ज्यानं नाव ठेवलं त्यालाच विचारतेस, बरोबर आहे का म्हणून?" एका डिझाइनला तू 'बारावी' म्हणालास. पांढऱ्यावर लाल चौकटी, मधोमध फूल. माझा बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात काढलं होतंस, असं म्हणालास. मी लगेच विचारलं, मग माझ्या बी.कॉम.चं कुठलं? तू म्हणालास, "त्या वर्षी काम नव्हतं गं."

एवढं चांगलं चाललं होतं. म्हणूनच मला सांगता आलं नाही. आज सांगू, शनिवारी सांगू. प्रत्येक फाइलला नाव देताना मला माहीत असायचं की हे काम तुझ्यावर नारळाच्या पाण्यानं आणलेलं नाही, मी आणलंय. आणि तू मात्र समजत होतास की तुझ्या हातून झालं. वहिनीनं सांगितलंय मला. एकदा ती म्हणाली, असू दे हो, देवाचं करताना झालं. तर तू म्हणालास, "ती वायर काढत होती. मीच थांबवलं."

वायरचं खरं होतं. अर्धं तुझं, अर्धं माझं. पण नावं गेली ती सगळी माझ्या एका बोटानं गेली.

एका शनिवारी, पावणेतीनशेच्या आसपास असू, तू डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं झोपलास. म्हणालास, "चिन्नी, कागद जळतो तेव्हा पुढचं चित्र आणि पाठीमागचं नाव एकदमच जळतं ना?"

"हो."

"मग ही ठिणगी लई हुशार म्हणायची. चित्रं ठेवली आणि नावं तेवढी नेली."

मी स्क्रीनकडे बघत राहिले. तू डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस की नाही, मला माहीत नाही, कारण मी मान वळवली नाही. थोड्या वेळानं म्हणालास, "पुढचं दाखव."

अण्णा, तुला कळलं होतं का? मला वाटतं कळलं होतं. भोक कुठं पाडलं आणि कुठं चुकून पडलं हे माळेकडे लांबून बघून सांगणारा माणूस तू. तू मला बोलायला जागा करून दिलीस, उंबऱ्यावर मांड्या आवळून द्यायचास तशी, आणि मी गेले नाही त्या वाटेनं. पुढची फाइल उघडली. नाव काय दिलंस तेही आठवतंय. 'कोपऱ्यातली वेल.'

आता सांगते. फॉरमॅटचं बटण मी दाबलं. तू मागं उभा होतास म्हणून दाबलं. तुझ्यापुढं मला चुकायचं नव्हतं. आणि 'सातवी नापास' हे मी रागात बोलून गेले नाही. रागात माणूस काहीतरी भलतंच बोलतो. मी निवडून बोलले होते, तुला जिथं लागेल तिथं. त्याबद्दल तुझी माफी मागायची राहिली. चाळीस दुपारी माझ्याकडे होत्या. मी त्या दुपारी तुला रंग विचारले, नावं विचारली, पाणी देऊ का विचारलं.

तू गेलास त्या मंगळवारी मी तीनशे बावन्नावी फाइल उघडून ठेवली होती. तुला आत नेलं ते परत आणलं नाही.

तेराव्यानंतर मी वहिनी आणि अम्मासमोर बसले आणि जे इथं लिहिलंय ते त्यांना आपल्या भाषेत सांगितलं. अम्माला आता फॉरमॅट वगैरे कळत नाही. तिनं एवढंच विचारलं, "तो होता तेव्हा का नाही सांगितलंस?" वहिनी मग म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं की नाही, मला ठाऊक नाही. पण डायलिसिसच्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा सदरा मागायचे. मी म्हणायचे, तिथं पडूनच राहायचंय, कशाला? तर म्हणायचे, पडून नाही, डिझाइनवर बसायचंय." तिनं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "लाव तो लॅपटॉप. राहिलेली दाखव."

मग आम्ही तिघी बसलो. अम्माची नजर अधू, तिला मी रंग सांगायचे, आकार सांगायचे. "तीन पाकळ्यांचं, कडेला जिना." ती म्हणायची, "जिना नाही, नानांचा खोकला. त्या रात्री ते बसून राहिले होते, म्हणून तसं नाव ठेवलं त्यानं." वहिनीला तुझ्या लग्नानंतरची बरीच ठाऊक निघाली. एक तिच्याच नावाचं होतं आणि ते तू मला कधी सांगितलं नव्हतंस. तीनशे बावन्नावं तिनं ओळखलं. 'दोन कप चहा.'

क्लासमध्ये परवा नवी बॅच आली. प्रतींबद्दल शिकवायचा दिवस होता. फळ्यावर लिहायला लावण्याआधी मी पोरांना सांगितलं की ते 'होय' मी स्वतः दाबलंय आणि माझ्या भावानं मला ते निस्तरायला मदत केली. एका पोरानं विचारलं, सर पण कॉम्प्युटर इंजिनिअर होते का? मी म्हणाले, नाही. त्यांनी माझ्यासाठी सातवीत शाळा सोडली.

काल दुपारी काम संपलं. चारशे सहा डिझाइनपैकी तीनशे अठ्ठ्याण्णव परत मिळाली, आठ गेली ती गेली. तीनशे एक्कावन्न नावं तू सांगितलीस, अठ्ठावीस अम्मानं आणि वहिनीनं. एकोणिसांची नावं कुणालाच माहीत नाहीत, ती आकड्यांनीच ठेवली आहेत. सगळ्यांच्या तीन प्रती केल्या आहेत, एक घरात, एक क्लासमध्ये, एक इंटरनेटवर, आणि तिन्ही मी उघडून पाहिल्या आहेत. तिन्ही उघडतात.